पुढच्या ब्रेकला घाबरू नकोस

अगं, दादाची जुनी मोटारसायकल आता तुझ्याकडे आली आणि सोमवारपासून तू उटनूरहून रोज गाडीनंच आश्रमशाळेत शिकवायला जाणार, हे ऐकून मला फार बरं वाटलं. आईला काळजी वाटते, ती वाटणारच. पण बसची वाट बघत ताटकळत उभं राहायचं, नाहीतर भरलेल्या जीपच्या मागे लोंबकळत जायचं, त्यापेक्षा आपली गाडी केव्हाही चांगली. गुड्यांकडे, म्हणजे पाड्यांकडे, जाणाऱ्या सडकांवर स्कूटीच्या बारक्या चाकापेक्षा मोटारसायकलचं मोठं चाक बरं, हा तुझा विचारही मला पटला. लायसन्स आहे, गिअर नीट पडतात, चढावर गाडी बंद पडत नाही. म्हणजे गाडी चालवता येते. आता समोर अचानक काही आलं तर काय करायचं, एवढंच बोलायचं राहिलंय. ते मी आज सगळं सांगणार आहे, कंटाळू नकोस.

आपल्याकडे मुलींना गाडी शिकवणारा जो कुणी असतो, भाऊ, काका, नाहीतर नवरा, तो पहिल्याच दिवशी बजावतो, ‘पुढचा ब्रेक लावू नको, तोंडावर पडशील.’ तुलाही हेच सांगितलं असणार. सांगणाऱ्याची माया खरी आहे, पण सल्ला चुकीचा आहे, आणि तो तू डोक्यातून काढून टाकावास म्हणून माझा एवढा आटापिटा.

बघ, ब्रेक लागला की गाडीचं आणि तुझं वजन पुढे झुकतं. पुढचं चाक सडकेवर दाबलं जातं आणि मागचं हलकं होतं. हलक्या चाकाची पकड ती किती असणार? कोरड्या डांबरावर गाडी थांबवायची बहुतेक ताकद पुढच्या चाकात असते. नुसता पायाचा ब्रेक दाबून उभी राहिलीस तर मागचं चाक जाम होतं, फरफटत जातं, शेपूट हलवायला लागतं, आणि गाडी थांबायला जवळजवळ दुप्पट अंतर घेते. तेवढ्या अंतरात बैल असतो, पोरगं असतं, ट्रॅक्टरची ट्रॉली असते.

हे मी माझ्या मनानं सांगत नाही. १९८१ साली अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या अभ्यासाचा अहवाल आला. त्यांच्या चमूनं लॉस एंजेलिस भागातले ९०० मोटारसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले होते. त्यात दिसलं ते असं, की धोका दिसल्यापासून धडकेपर्यंत चालवणाऱ्याच्या हातात बहुधा दोन सेकंदसुद्धा नव्हते. आणि त्या वेळात बहुतेकांनी एकच केलं: मागचा ब्रेक गच्च दाबून चाक घसरवलं आणि पुढचा पुरेसा लावलाच नाही. म्हणजे आपल्या गावातला भाऊ आणि तिथला गोरा माणूस, दोघांचा पाय सारखाच घाबरतो. दोन सेकंदांत विचार होत नाही गं. हाताला जे वळण असेल तेच हात करतो. म्हणून वळण आधी लावायचं.

मग पुढच्या ब्रेकनं लोक पडतात ते का? झटक्यानं दाबतात म्हणून, हँडल वळलेलं असताना दाबतात म्हणून, किंवा चाकाखाली रेती, चिखल असतो म्हणून. हँडल सरळ आणि सडक कोरडी असेल तर पुढचा ब्रेक भरवशाचा आहे. उजव्या हाताच्या बोटांनी लिव्हर आधी हलकेच ओढायचं, इतकं की पुढचा शॉकअप दबल्याचं जाणवावं. मग तिथून वाढवत न्यायचं, लिंबू पिळावं तसं. त्याच वेळी पायाचा ब्रेकही लावायचा, पण हलका. ॲक्सिलरेटर सोडलेला, गुडघे टाकीला आवळलेले, हात कोपरात किंचित वाकलेले, नजर लांब. क्लच लगेच दाबू नकोस, इंजिनही गाडी ओढून धरतं. अगदी थांबता थांबता दाब. पुढचं चाक घसरतंय असं वाटलं तर त्याच क्षणी लिव्हर ढिलं सोड आणि पुन्हा हळू लाव. मागचं घसरलं तर हँडल सरळ ठेव आणि पाय थोडा उचल.

दादाची गाडी जुनी आहे, हे लक्षात असू दे. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून सीबीएस सक्तीचं झालं, म्हणजे पायानं ब्रेक लावला तरी थोडा पुढच्या चाकालाही लागतो. त्याहून मोठ्या गाड्यांना एबीएस आलं, ते चाक जाम होऊ देत नाही. तुझ्या गाडीत यातलं काहीच नाही. दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक, आणि दोन्ही तुझ्याच हातापायांच्या भरवशावर. म्हणून पहिल्यांदा मिस्त्रीकडे जा. पुढचं लिव्हर ओढल्यावर मुठीला टेकत असेल तर केबल ताणून घे, लायनर घासले असतील तर बदल. मागच्या टायरची नक्षी बघ, पुढच्याची त्याहून नीट बघ. पुढचं टायर अजून गोल दिसतंय म्हणून लोक वर्षानुवर्षं तेच चालवतात, आणि आत्ताच सांगितलं ना, थांबवतं तेच.

मग एखाद्या रविवारी सकाळी सरावाला जा. रहदारी नसलेला सरळ, कोरडा डांबरी तुकडा शोध, कोणाला तरी टोकाला उभं कर, हेल्मेट आणि बूट घालून जा. एक दगड खूण म्हणून ठेव. वीसच्या वेगानं ये, खुणेपाशी ब्रेक लाव, कुठे थांबलीस ते बघ. पहिल्यांदा नुसता मागचा लावून बघ, मग दोन्ही. फरक डोळ्यांनी दिसेल आणि मग तुला माझ्या शब्दांची गरज उरणार नाही. हात बसला की तीस, मग चाळीस. नोकरीत रुळलीस तरी हा सराव सोडू नकोस, अधूनमधून करत राहा.

वेगाचा हिशोबही एकदा मांडून घे, तू तर गणिताची. ताशी ४० ला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. ताशी ६० ला जवळजवळ १७. धोका दिसून ब्रेकला हात जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो, आणि तोवर गाडी पहिल्याच वेगानं पळत असते. त्यानंतर थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. चांगल्या सडकेवर, चांगल्या ब्रेकनं, चाळीसवरून एकूण वीस-बावीस मीटरमध्ये थांबशील. साठवरून चाळीस मीटर लागतील. वेग दीडपट, अंतर जवळजवळ दुप्पट. तो सेकंद वाचवायची एकच युक्ती आहे: जिथे शंका येईल तिथे ॲक्सिलरेटर सोडून बोटं आधीच लिव्हरवर ठेवायची. शाळा सुटायची वेळ, गुड्याच्या तोंडाशी, उभ्या बसच्या बाजूनं जाताना, झुडपानं झाकलेलं वळण. बोटं तयार असली की अर्धं काम झालं.

आता आपल्या सडकांचं सांगते, कारण पुस्तकातला धोका वेगळा आणि उटनूरच्या वाटेवरचा वेगळा. गुडीहतनूरला चौपदरी ४४ नंबरच्या महामार्गावरून आलेला माणूस त्याच तोऱ्यात इंद्रवेल्लीकडे गाडी सोडतो. त्याचा वेग महामार्गाचा आणि सडक गावाची. त्याच्यापासून लांब राहायचं, त्याच्याशी शर्यत नाही.

सोयाबीन, मका, ज्वारी निघाली की लोक सडकेवरच वाळत घालतात. दाणे टायरखाली गोल फिरतात, त्यावर ब्रेक लागत नाही आणि वळताही येत नाही. लांबून दिसलं की आधीच वेग उतरव आणि त्यावर असताना काहीच करू नकोस, ब्रेक नाही, वळण नाही, सरळ हळू निघून जा. त्याहून वाईट म्हणजे माल झाकायला नाहीतर राखायला कडेनं लावलेले दगड. संध्याकाळी माल उचलतात आणि दगड तिथेच राहतात. बंद पडलेल्या ट्रकच्या चाकाला लावलेल्या दगडांचंही तेच, ट्रक निघून जातो, दगड नाही. माझं तुला सांगणं आहे, दिवसाउजेडी असा दगड दिसला तर गाडी बाजूला लाव, मागेपुढे बघ आणि तो उचलून कडेला टाक. दोन मिनिटं लागतात.

कापूस निघाला की ट्रॉल्या निघतात. गाठोडी ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. अंधारात समोरून गाडीचा झोत येतो, डोळे दिपतात आणि नेमकी त्याच अंधारात ही ट्रॉली असते, नाहीतर बैलबंडी. झोत आला की त्याच्याकडे बघायचं नाही, डाव्या कडेच्या रेषेकडे बघायचं आणि वेग कमी करायचा. आपल्या दिव्यात जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. मंद झोतात तीस-चाळीस मीटर दिसतं, म्हणजे रात्री साठचा वेग म्हणजे आंधळेपणानं जाणं. शक्यतो दिवेलागणीच्या आत घरी ये. तू मुलगी आहेस म्हणून नाही सांगत, दादालाही हेच सांगते.

पौष अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा. त्याच्या आधी मेसराम कुळातली माणसं पांढऱ्या कपड्यांत पायी जन्नारमकडच्या हस्तिनमडुगूला जाऊन गोदावरीचं पाणी आणतात. जत्रेच्या दिवसांत बंड्या, जीपा, पायी चालणारी कुटुंबं, सगळी एकाच सडकेवर. दिवाळीत दंडारी नाचणारी मंडळी या गुड्याहून त्या गुड्याला जातात, तेही रात्री. हॉर्न वाजवून माणसं बाजूला करायची सवय लावू नकोस. हळू हो, एकदा हलका हॉर्न दे, मोकळी जागा सोडून जा. बिचकलेला माणूस कुठल्या बाजूला उडी मारेल याचा नेम नसतो, बैलाचा तर नसतोच.

जन्नारमकडे जाशील तेव्हा सडक कवालच्या जंगलातून जाते. ते २०१२ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. वाघाची भीती नको, रानडुकरांची आणि चितळांची ठेव. त्यांचं एक लक्षात ठेव: एक गेलं की मागून दुसरं येतंच. पहिलं डुक्कर सडक ओलांडून गेलं की माणूस हुश्श करून ॲक्सिलरेटर पिळतो आणि मागून येणाऱ्या पिलांच्या रांगेत घुसतो. पहिलं दिसलं की थांबण्याइतकं हळू हो, आणि ते जिथून आलं त्या बाजूला बघत राहा. पावसाळ्यात ढोरं रात्री डांबरावर बसतात, काळ्या म्हशी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. कुत्रं अंगावर धावून आलं तर पाय उचलू नकोस, लाथ मारू नकोस. ते तुझ्या वेगाचा अंदाज बांधून तिरकं येतं. आधी वेग कमी कर, जवळ आलं की सरळ पुढे काढ, त्याचा अंदाज चुकतो. आणि लहान जनावर अगदी चाकासमोरच आलं, अंतर उरलंच नाही, तर त्याला वाचवायला गाडी आडवी घालू नकोस. मन कठोर करून सांगते, हँडल घट्ट आणि सरळ धर, ब्रेक लाव, आणि चाक त्याला लागायच्या क्षणी ब्रेक सोड.

खड्ड्याचं, दगडाचं, अनपेक्षित गतिरोधकाचंही तेच. आधी जेवढा वेग मारता येईल तेवढा मार, चाक त्यावर चढायच्या आत ब्रेक सोड, फुटरेस्टवर जोर देऊन सीटवरून थोडी ऊठ, गुडघ्यांनी धक्का घे. ब्रेक दाबलेला ठेवून खड्ड्यात गेलीस तर शॉकअप आधीच दबलेला असतो आणि सगळा दणका हँडलला बसतो.

चुकवून जायला जागा असेल तर चुकवायचं. पण चुकवणं आणि ब्रेक एकाच वेळी नाही. टायरची पकड महिन्याच्या पगारासारखी असते, वळायला खर्च केली की थांबायला उरत नाही. एक तर आधी ब्रेक लाव, सोड, मग वळ. नाहीतर आधी वळून मोकळ्या जागेत ये आणि मग ब्रेक लाव. वळायचं ते असं: उजवीकडे जायचं तर उजव्या मुठीला पुढे ढकल, डावीकडे तर डावीला. ऐकायला उलटं वाटतं, पण चालत्या वेगात गाडी अशीच झुकते. सरावाच्या तुकड्यावर तीसच्या वेगानं हलकेच ढकलून बघ, गाडी पटकन त्या बाजूला येते. आणि नजर! माणूस ज्याकडे टक लावून बघतो तिकडेच त्याची गाडी जाते. खड्ड्याकडे बघत राहिलीस तर खड्ड्यात जाशील. रिकामी जागा शोध, तिथे बघ, हात आपोआप तिकडे नेतात. केरामेरीच्या घाटात आसिफाबादकडे उतरताना हे फार उपयोगी पडेल. वळणावर गिट्टी पडलेली दिसली की तिच्याकडे बघू नकोस, वळण जिथे सुटतं तिथे बघ. वेग वळणाच्या आधी कमी कर, वळणात नाही, आणि उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायचा मोह अजिबात नको.

पावसाबद्दल थोडक्यात. पहिल्या सरीत सडकेवरचं तेल आणि धूळ मिळून गुळगुळीत लेप होतो, तेव्हा थोडं थांबावं, पाऊस सडक धुऊन काढतो. शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल सडकेवर दिसला की पुढचा ब्रेक अगदी अलगद. आणि रपट्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी थांबव. खोली किती, लोक जातात की नाही, काही बघू नकोस. पाण्याखाली सडक शिल्लक आहे की वाहून गेली ते कुणाला दिसत नाही. त्या दिवशी शाळा बुडाली तर बुडू दे. पोरांना पाण्यातून येणाऱ्या बाईंपेक्षा उद्या येणाऱ्या बाई हव्यात.

साडी नेसून जाणार असशील तर मागच्या चाकाला साडीगार्ड आहे ना ते बघ. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ते सक्तीचं आहे, पण जुन्या गाड्यांचं लोक काढून टाकतात. ओढणी, पदर, स्कार्फ, जे असेल ते बसण्याआधी खोचून गाठ मारायची. संक्रांतीच्या दिवसांत गळ्याला जाड रुमाल बांध आणि हेल्मेटची काच खाली ठेव, मांजा दिसत नाही. पायात चप्पल नको.

हेल्मेट आयएसआय खुणेचं, डोक्यात घट्ट बसणारं, आणि पट्टा लावलेलं. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्या आपटीत निघून जातं. मागे आईला बसवलंस तर तिलाही हेल्मेट. २०२२ साली देशात हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण दुचाकीच्या अपघातांत गेले, त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. कायद्यानं चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं. आई एका बाजूला पाय सोडून बसते, तिला समजावून दोन्हीकडे पाय टाकून बसव. मागे माणूस असला की ब्रेक लावल्यावर त्याचं वजन तुझ्या पाठीवर येतं, तेव्हा थांबायला अंतर जास्त धर.

इतकं करूनही कधी कुणी पडलेलं दिसलं, तर थांब. आधी तुझी गाडी सुरक्षित बाजूला, मग मागून येणाऱ्यांना दिसेल असं काहीतरी सडकेवर, झाडाची फांदी चालेल. १०८ ला फोन लाव. तेलंगणात आणि पलीकडे किनवटला, महाराष्ट्रात, नंबर तोच. सडक कुठली, कुठल्या दोन गावांच्या मध्ये, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा काय, हे सांग. त्या माणसाचं हेल्मेट ओढून काढू नकोस, मान दुखावलेली असू शकते. श्वास चालू आहे का बघ, रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धर. पाणी पाजू देऊ नकोस, लोक हमखास पाजायला धावतात. पोलिसांच्या भानगडीला भिऊ नकोस. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४ अ कलम आलंय, मदत करणाऱ्यावर खटला होत नाही आणि नाव-पत्ता सांगायची सक्तीही नाही.

आणि तूच कधी पडलीस, नुसतं खरचटलं, तरी लगेच उठून गाडीला किक मारू नकोस. कडेला बस, हात थरथरायचे थांबू देत. मग हँडल चाकाच्या रेषेत आहे का, दोन्ही ब्रेक लागतात का, टायरमध्ये काही रुतलंय का ते बघ. डोकं आपटलं असेल तर ते हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही, वरून कितीही धड दिसलं तरी. नव्याचे पैसे माझ्याकडून घे, आणि घरी सांगायच्या आधी मला फोन कर.